पन्नास हर्ट्झचं घर

“फाटतंय! बघ, परत फाटलं!”

केतकीच्या खुर्चीमागे मी थालीपिठाची ताटली घेऊन उभी होते. तिच्या कानांवर ते मोठे हेडफोन, त्यामुळे मी आलेली तिला कळलंच नव्हतं. ती पुटपुटत होती ते मला उद्देशून नव्हतं, लांब कुठेतरी बसलेल्या तिच्या खेळातल्या मैत्रिणींना उद्देशून होतं. पण ‘फाटलं’ हा शब्द कानावर पडला की आई आधी शिवण बघते. मी ताटली डाव्या हातात घेतली आणि तिच्या कुडत्याची काखेतली शिवण चाचपली.

ती किंचाळली. तेवढ्यात स्क्रीनवरचा तिचा माणूस मेला.

“आई! काय करतेयस?”

“कुठे फाटलंय ते बघतेय.”

“कुडता नाही गं! चित्र फाटतंय. हे बघ.” तिने माउस डावीकडून उजवीकडे ओढला. स्क्रीनवरच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग पुढे गेला आणि खालचा जरा मागे राहिला. मधे एक तिरकस फट दिसली आणि लगेच गेली. “कॉम्प्युटर भराभर चित्रं पाठवतो. हा तुझा म्हातारा मॉनिटर त्या वेगाने दाखवू शकत नाही. मग अर्धं चित्र आधीचं, अर्धं नंतरचं.”

“म्हणजे दोघांचा मेळ बसत नाही.”

“हं.”

“मग चुकतं कुणाचं?”

“चुकत कुणाचंच नाही आई. जुळत नाही, एवढंच.” असं म्हणून तिने हेडफोन परत चढवले.

मी मान हलवली. आम्ही मॉनिटरबद्दलच बोलत होतो. निदान त्या वेळी मी तरी स्वतःला तसं सांगितलं, ताटली टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही सांगलीत नुकतेच नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. हे वीज मंडळातून निवृत्त झाले होते आणि मी घरून केकच्या ऑर्डरी घेत होते. केक मला कुणी शिकवला नाही. शिवण, विणकाम, मिक्सर उघडून त्याचा ब्रश बदलणं, यातलंही काहीच कुणी शिकवलं नाही. दहावीनंतर मी जे काही शिकले ते आधी मासिकांतून आणि मग यूट्यूबवरून. त्यामुळे माझं ज्ञान अफाट आहे आणि त्यात मधेमधे भोकं आहेत.

केतकी आमची एकुलती एक. लग्न होऊन पुण्याला गेलेली, तिथल्याच एका कंपनीत नोकरी, काम बरंचसं घरूनच. दसऱ्याच्या आधी एका दुपारी ती अचानक आली. रिक्षातून उतरली तेव्हा खांद्याला एक बॅग होती आणि दोन्ही हातांत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड. मला वाटलं कुणाचं बाळ आहे. तो तिचा सीपीयू होता. पुण्यापासून सांगलीपर्यंत एस.टी.त तो मांडीवर घेऊन आली होती.

“चार दिवस आलेय,” ती म्हणाली.

चार दिवसांसाठी माहेरी येणारी मुलगी मांडीवर सीपीयू घेऊन येत नाही, हे कळायला यूट्यूबची गरज नव्हती. पण मी म्हणाले, “बरं केलंस,” आणि चहा टाकला. ह्यांनी विचारलं, “याची केबल कुठाय?” ती म्हणाली, “राहिली.” हे खूश झाले. माळ्यावर यांची एक लाकडी पेटी आहे, तिच्यात जगातली प्रत्येक वायर आहे. पेटी खाली आली, केबल निघाली, माझा जुना मॉनिटर जोडला गेला आणि केतकी मागच्या खोलीत कामाला बसली.

दुसऱ्याच दिवशी मी ओटीचा नारळ आणून देवापुढे ठेवला. लेक सासरी परत निघाली की ओटी भरायची, त्यात नारळ लागतोच, आणि ऐनवेळी चांगला मिळत नाही. मी तशी तयारीची बाई आहे. नारळ राहिला, राहिला आणि शेवटी पाणी आटून आतून खुळखुळायला लागला. मग मी तो फोडून खोबऱ्याची चटणी केली आणि नवा आणून ठेवला. पुढे तोही खुळखुळला. त्या हिवाळ्यात आमच्या घरी खोबऱ्याची चटणी फार झाली. कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. हे तर दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

शेजारच्या माईणकर वहिनींना मात्र बोलल्याशिवाय राहवत नसे.

“केतकी दिसली गच्चीत. अजून आहे वाटतं?”

“हो, चार दिवस आलीय.”

“दसऱ्याला पण चार दिवसच म्हणाला होतात ना?”

“तेच चालू आहेत,” मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तर फाटलेल्या चित्राची गोष्ट. त्याच रात्री जेवताना केतकीने विषय काढला.

“बाबा, मी एक मॉनिटर घेईन म्हणते. गेमिंगचा. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा.”

ह्यांचा घास तोंडाजवळ थांबला. जन्मभर सबस्टेशनात काढलेल्या माणसासमोर ‘हर्ट्झ’ म्हणणं म्हणजे कीर्तनकाराच्या हातात आयतीच चिपळी देणं.

“आपली लाईट किती हर्ट्झची?”

“बाबा, ते वेगळं...”

“किती?”

“पन्नास.”

“पन्नास. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पन्नास. त्यात अर्ध्याचा जरी फरक पडला ना, तर वरून फोन यायचे आम्हाला. आणि तू माझ्या घरात एकशे चव्वेचाळीस लावणार? जळेल तो. नाहीतर आपण जळू.”

“अहो बाबा, हे चित्राचं हर्ट्झ आहे. एका सेकंदात चित्र किती वेळा नवं होतं, ते.”

“हर्ट्झ एकच असतं. हर्ट्झ नावाचा माणूसही एकच होता.”

“काहीतरीच तुमचं,” मी म्हणाले. खरं तर मलाही वाटत होतं की यांचं बरोबर असावं. पन्नास घालून एकशे चव्वेचाळीस कसे निघणार? माझ्या मिक्सरलासुद्धा एवढं कळत होतं.

आम्ही पुढचा घास घेतला. केतकीकडे एक मॉनिटर होता. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. लग्नाआधी, स्वतःच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला, चांगला मोठा. तो पुण्यात तिच्या सासरी टेबलावर होता. तिकडे एक असताना इकडे दुसरा कशाला, हा साधा प्रश्न मीठ-लिंबासारखा प्रत्येकाच्या ताटात डाव्या बाजूला वाढलेला होता, आणि तिघंही त्याला हात न लावता जेवत होतो.

“वरण घेता का?” मी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले. केकचा बेस थंड होईपर्यंत, कुकर उतरेपर्यंत, दुपारची आडवी झाले की, सारखे मॉनिटरचे व्हिडिओ. एक दाढीवाला मुलगा होता, तो हिंदीत सांगायचा की साध्या मॉनिटरच्या साठ हर्ट्झवरून एकशे चव्वेचाळीसवर गेलात की परत मागे येता येत नाही. दुसरा एक होता, तो म्हणायचा हा सगळा मार्केटिंगचा खेळ आहे, डोळ्याला एवढं दिसतच नाही. मी दोघांनाही लाइक केलं. पॅनलचे प्रकार पाठ केले. रिस्पॉन्स टाइम म्हणजे काय ते ह्यांना समजावलं, त्यांनी ते मला चुकीचं समजावलं आणि मला ते जास्त पटलं. चौकात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “काय गं, तब्येत बरी आहे ना? डोळे लाल झालेत.” मुलीला एक प्रश्न विचारायचा टाळण्यासाठी मी इतकी उत्तरं गोळा केली की कुठल्याही दुकानात मला नोकरी मिळाली असती.

आणि माझा कल मॉनिटर घ्यावा असाच होता. कारण संध्याकाळी त्या मागच्या खोलीतून केतकीचं हसणं यायचं. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती ‘येस, शुअर’ अशा आवाजात बोलायची. जेवताना मोजकं बोलायची. पण सात वाजले, हेडफोन चढले, की खेळणाऱ्या पोरींच्या त्या टोळीत ती खदाखदा हसायची, शिव्या द्यायची, “अगं मागे बघ ना म्हशे!” असं ओरडायची. ते ऐकायला मी मिक्सर बंद ठेवायचे. चटणी त्यामुळे पाट्यावर वाटली जायची.

एका दुपारी मी विजयाने तिच्या खोलीत गेले.

“केतू, मला फरक दिसला!”

“कसला?”

“साठ आणि एकशे चव्वेचाळीसचा. हा व्हिडिओ बघ. डावीकडे साठ, उजवीकडे एकशे चव्वेचाळीस. डावीकडची गाडी कशी ठेचकाळत चाललीय, आणि उजवीकडची बघ, लोण्यासारखी.”

केतकीने माझा फोन हातात घेतला, बघितला, आणि फार प्रेमाने परत दिला.

“आई, तुझा फोनच साठचा आहे. त्याच्यावर दोन्ही गाड्या साठच्याच दिसणार. त्या अगदी सारख्या आहेत.”

“मग मला दिसला तो?”

“तुला दिसायला हवा होता, म्हणून दिसला.”

मी परत बघितला. आता दोन्ही गाड्या सारख्या दिसायला लागल्या. मला राग आला तो फोनचा.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज फार गोड. इतका, की फोन ठेवल्यावर मी नेहमी पाणी पिते.

“संक्रांत आली हो. हळदीकुंकवाला सून घरात नको का? रविवारी मंदारला पाठवते न्यायला.”

मंदार म्हणजे जावई. मी म्हणाले, “हो, बघते, म्हणजे, तिला विचारते.”

“विचारायचं काय त्यात? आणि तिला सांगा, तिच्या कॉम्प्युटरवर मी कापड घातलंय. धूळ बसते ना. केबली पण दोन्ही माझ्या कपाटात आहेत, अगदी जपून. तिला म्हणावं काळजी करू नको.”

मला बरं वाटलं. दुसऱ्याची वस्तू इतकी जपणारी बाई वाईट कशी असेल? मी मागच्या खोलीत जाऊन केतकीला उत्साहाने सांगितलं, “तुझ्या केबली तिथेच आहेत गं. त्यांनी कपाटात जपून ठेवल्यात. आणि रविवारी मंदारराव येणार आहेत.”

केतकी स्क्रीनकडे बघत होती. हेडफोन गळ्यात होते. तिकडून कुणीतरी मुलगी ओरडत होती, “केतू, कुठेयस? केतू!” तिचा माणूस तिथल्या तिथे उभा राहिला आणि मेला.

“बरं,” ती म्हणाली.

एवढंच. मी बाहेर आले आणि नारळ हलवून बघितला. ताजा होता. पाणी वाजत होतं. रविवार निभला असता.

रात्री हे म्हणाले, “मग तो मॉनिटर?”

“आता कशाला? रविवारी जातेय ना ती.”

“हं,” हे म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “बघायला काय जातंय? शनिवारी कोल्हापूरला जाऊन नुसता बघून तर येऊ. मला त्या दुकानदाराला फ्रिक्वेन्सीचं विचारायचंच आहे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. हिवाळ्याचे दिवस, पंखा बंद होता.

सांगलीत तसले मॉनिटर कुणी मांडून ठेवत नव्हतं, मागवावे लागायचे. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं आमच्या जुन्या गाडीतून कोल्हापूरला निघालो. ‘नुसतं बघायला.’ वाटेत एकदा हे म्हणाले, “नुसतं बघायचंय.” मी म्हणाले, “नुसतंच तर.” मागच्या सीटवर केतकी खिडकीला डोकं टेकून बसली होती. जयसिंगपूरच्या पुढे रस्त्यावर खड्डे लागले तरी तिने डोकं काढलं नाही. ते काचेवर टकटक वाजत होतं.

दुकान राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर. आत अंधार, आणि त्या अंधारात लाल-निळे-हिरवे दिवे. कीबोर्डमध्ये दिवे, माउसमध्ये दिवे, खुर्चीला पण दिवे. मला आमच्या गल्लीतल्या गणपतीची आठवण झाली. मालक तांबोळी म्हणून होते, चाळिशीचे, हसतमुख.

“या या. बसा काका. कुणाला पाहिजे? पोराला?”

“मुलीला,” मी म्हणाले. आणि माझी जीभ सवयीने पुढे धावली. “पुण्याला असते. चार दिवस आलीय.”

कोल्हापुरातल्या एका परक्या माणसाला हे सांगायची काय गरज होती? पण माझं तसंच आहे. रिक्षावाल्यालाही सांगून झालं होतं.

हे लगेच कामाला लागले. “मला एक सांगा. आपला सप्लाय पन्नास हर्ट्झचा. मग हा एकशे चव्वेचाळीस कुठून देतो?”

“काका, आत जाताना त्याचं डीसी होतंय की. मागं अडॅप्टर असतोय.”

ह्यांचा चेहरा उजळला. “डीसी! अहो मग फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच मिटला! हे आधी नाही का सांगायचं?”

“बाबा, मी आठवडाभर हेच सांगतेय.”

“तू डीसी नाही म्हणालीस. तू ‘वेगळं हर्ट्झ’ म्हणालीस.”

तांबोळींनी दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावलेले होते. “ह्यो साधा, साठवाला. ह्यो एकशे चव्वेचाळीस. माउस असा गोल फिरवा, ताई, आणि काय दिसतंय सांगा.”

मी चष्मा पुसला. परीक्षेचा क्षण होता. साध्यावर माउस फिरवला, तर बाण तुटक तुटक पळाला, एका बाणाचे पाच-सहा बाण दिसले. दुसऱ्यावर फिरवला. तिथेही पाच-सहा.

पण एकदा हसं झालेलं होतं. मी जाणकारासारखी मान तिरकी केली. “वा! हा केवढा मऊ चालतोय!”

“लोण्यासारखा,” हे म्हणाले. व्हिडिओ मी त्यांनाही दाखवला होता.

केतकी मागून पुढे आली. माउस हातात घेतला, एकदाच फिरवला.

“हा साठलाच लावलाय तुम्ही.”

“काय सांगताय?” तांबोळी वाकले, दोन-चार ठिकाणी दाबलं आणि कपाळाला हात लावला. “आयला! खरंच की ओ. काल लाईट गेली, तवा परत साठवर आला बहुतेक. ह्याचं असंच असतंय बघा, आपण होऊन नाही वर जात, सेटिंगात जाऊन वर न्यावा लागतोय. आमच्याकडनं नेलेली कितीतरी माणसं वर्षवर्ष साठवरच चालवत्यात. त्यांना वाटतंय, असाच असतोय.”

हे आणि मी, दोघंही एका मोठ्या खुर्चीचे दिवे बघायला लागलो.

मग तांबोळींनी ते सेटिंग बदललं. “आता फिरवा.”

मी फिरवला. आणि खरंच सांगते, या खेपेला मला काही मानून घ्यावं लागलं नाही. बाण होता तिथून निघाला आणि जायचं होतं तिथे गेला, मधे कुठे तुटला नाही. हात जिथे, तिथे तो. मी परत फिरवला. मग ह्यांनी फिरवला. मग मी परत.

“घेऊ या,” हे म्हणाले.

“नुसतं बघायचं होतं ना?” केतकी म्हणाली.

“बघितला की,” हे म्हणाले.

उद्या रविवार होता आणि घरी देवापुढे नारळ पाणी वाजवत बसला होता. पण मीही काही म्हटलं नाही.

तांबोळींनी खोकं खाली आणायला सांगितलं. केतकी काउंटरजवळ उभी राहून आपल्या कार्डाने पैसे देत होती, आम्हाला तिने हात लावू दिला नाही. मग ती म्हणाली, “एक पॉवर केबल जास्तीची द्या.”

“खोक्यात असती की एक, ताई.”

“असू दे. अजून एक.”

ह्यांनी मान वर केली. “जास्तीची कशाला? केबलीला काय होतंय? माझा जन्म केबलीत गेलाय. आणि माळ्यावर आहेत ना ढीगभर.”

“असू दे, बाबा. एक कपाटात गेली तरी दुसरी राहील.”

मी हसले. मला वाटलं विनोद आहे. मी म्हणालेसुद्धा, “कपाटात जायला काय झालं? विहीणबाई तर म्हणत होत्या, केबली किती जपून...” आणि केतकीचा चेहरा बघून थांबले.

“जपूनच ठेवतात त्या, आई,” केतकी म्हणाली. ती काउंटरवरच्या एका माउसचं बटण सारखं दाबत होती. “ऑफिसचं काम संपलं की काढून न्यायच्या दोन्ही केबली. कपाटात, कुलुपात. मग संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून, हे सगळं त्यांच्या मनासारखं झालं की द्यायच्या. नाही झालं की नाही. सकाळी ऑफिससाठी परत मिळायच्या.”

“आणि मंदारराव?” मी विचारलं.

“तो घरी आला की विचारायचा, ‘काय, आज मिळाली का केबल?’ हसून. सगळे हसायचे. पाहुणे आले की त्यांना पण सांगायचे, आमच्याकडे अशी गंमत आहे. मी पण हसायचे आधी.” तिने माउस खाली ठेवला. “मी जाऊन मागायचे, आई. दारात उभी राहून. ‘केबल देता का?’ मॉनिटर माझा. वीजबिल मी भरायचे.”

“अगं मग बोलली का नाहीस?” मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा आला.

“काय बोलू? कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. टाकून बोललं नाही. तू विचारलं असतंस, ‘मग झालं काय?’ आणि मी काय सांगणार होते? केबल?”

मी विचारलंच नव्हतं. मी पॅनलचे प्रकार पाठ केले होते.

हे पुढे आले. इतका वेळ ते खोक्यावरची माहिती वाचत होते, निदान मला तसं वाटत होतं.

“नोटीस दिली होती?” त्यांनी विचारलं.

“काय, बाबा?”

“नोटीस. लेखी. मी आयुष्यभर लोकांची कनेक्शनं तोडली. थकबाकीदारांची, चोरून आकडे टाकणाऱ्यांची. शिव्या खाल्ल्या. पण नोटीस दिल्याशिवाय एकाची वायर काढली नाही मी. आणि जी बाई बिल भरते, तिची...” त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक न पुसता परत ठेवला.

तांबोळी केव्हाच पाठ फिरवून एका स्क्रीनवरची नसलेली धूळ पुसत होते. दुकानातले सगळे दिवे आपापले लाल-निळे होत होते. मग तांबोळी खाकरले आणि काउंटरवर आले. हातात बिलाचा कागद.

“काका, वॉरंटी घरपोच असती. काय बिघडलं तर कंपनीचा माणूस घरी येतोय. त्याला पत्ता लागतोय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ताई मघाशी म्हणाल्या, पुण्याला असत्यात म्हणून. पुण्याचा टाकू?”

केतकी खाली बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं. इतके दिवस सगळ्यांना सांगितलेलं ते वाक्य जिभेवर तयारच होतं, आणि दुसरं कुठलं येत नव्हतं. “तसं म्हटलं तर,” मी म्हणाले, “म्हणजे, ती सध्या...”

“सांगली,” हे म्हणाले. “लिहा. विश्रामबाग, सांगली. बिघडला तर तिथे या.”

मग ते माझ्याकडे वळले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता, आणि तो चढलेला नव्हता.

“आणि तू घरी गेल्यावर आधी तो ओटीचा नारळ फोड. केतकी परत जायची नाही.”